बोरीच्या मातीचा आकडा

९ मार्च २००३, रविवार. बोरी बुद्रुक

आलो एकदाचा. पण काम शून्य! जावई आला की त्याला हात हलवू द्यायचा नाही, असा या घराचा कायदाच दिसतोय. यंत्राची पेटी जीपमधून उतरवूसुद्धा दिली नाही. आधी चहा, मग पोहे, मग पुरणपोळी, वर तूप, आणि मग सासरे — 'पडा जरा पावणं.' पडलो. झोप कसली येतेय? पत्र्याकडं बघत लोळत राहिलो.

हर्षालीला सातवा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मागच्या महिन्यातच तिला इथं आणून सोडलंय. चेहरा भरलाय तिचा. 'कसे आहात?' म्हणाली. 'बराय' म्हणालो. तेवढ्यात मामी — माझ्या सासूबाई — आल्या, म्हणून दोघंही गप्प. सासुरवाडीत स्वतःच्या बायकोशी बोलायची चोरी.

काम काय ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं तरी शांत होईल. कंपनीला द्राक्षं गार करायची शेड बांधायचीय. आपल्या नेहमीच्या मशीन मालातली उष्णता काढून हवेत फेकतात. आमची ती जमिनीत फेकणार — पुरुषभर खोल पुरलेल्या पाइपांतून. मार्च-एप्रिलात हवा चाळिशीला टेकते, पण जमिनीच्या पोटात बऱ्यापैकी गारवा असतो. वीज कमी लागेल. मात्र मातीनं ती उष्णता भराभर ओढून पुढं ढकलायला हवी. ती किती ढकलते, तोच आकडा मला काढायचाय. सासऱ्यांनी नदीकडचा पडीक तुकडा देऊ केलाय.

साहेबांनी ठरवून दिलंय — एक पूर्णांक दोनच्या वर आला तर शेड इथं, आणि ती चालवायला मी दोन वर्षं इथंच. खाली आला तर शेड गुजरातेत, नवसारीच्या गिऱ्हाइकाकडं, आणि एक मेपासून मीही तिकडं. कंपनीची खोली एकट्या माणसापुरती. बाळ मेच्या मध्यावर.

माती ठरवणार मी बाप म्हणून कुठं असणार ते!

१० मार्च

आजही नाही. जीप आदेशनं — माझ्या मेव्हण्यानं — मार्केटला नेली, पेटी आतच. 'उद्या करू दाजी, काय घाई हाय?' घाई मलाच आहे. घरभर येरझाऱ्या घालतोय म्हणून मामींनी दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का.

११ मार्च, मंगळवार

सुरुवात झाली. बरं वाटलं!

तुकडा द्राक्षबागेला लागून आहे. गिरमिटानं कंबरेइतकं भोक पाडलं. वाटलं होतं, दुष्काळाचं साल, जमीन दगड झाली असेल, हाताची सालं निघतील. पण गिरमिट सुरेख उतरलं. माती काळी, मऊ, मुठीत दाबली तर लाडू होणारी. सासऱ्यांना म्हटलं, ओल छान आहे. ते म्हणाले, 'बागेचं ड्रिप हाय ना शेजारी, सरकत आसंल वल.' मी आणे गावचा. आमच्या पठारावर मार्चमध्ये ओली माती दिसली तर माणसं बघायला जमतील. हरखून गेलो.

भोकात सळई बसवली. सळईच्या पोटात एक तापणारी तार आणि एक तापमापी. ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची, तार सारख्या दमानं तापवत ठेवायची आणि तापमान कसं चढतं ते टिपत बसायचं. माती चांगली असेल तर तापमान सावकाश चढतं, कारण ती उष्णता घेऊन जाते. माती वाईट असेल तर भराभर चढतं. बाकी सगळं आलेखाच्या कागदावर.

शेजारचे गेणभाऊ बांधावर उकिडवे बसून बघत होते. त्यांना वाटलं, मी नदीकाठची राख बघायला आलोय. तिथं दरडीत जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तो बघायला लांबून लांबून शिकलेली माणसं येतात. 'राख न्हाई गेणभाऊ, तुमच्या मातीला ताप भरतोय का बघतोय,' म्हटलं. तर म्हणे, 'मंग डाक्टर म्हना की राव.'

हर्षाली खुर्ची घेऊन मांडवाच्या सावलीत बसली होती. घड्याळ तिच्याकडं, आकडे ती लिहीत होती. ती बी.एस्सी. झालेली. पुण्यात माझा आधीचा सगळा रिपोर्ट तिनंच चांगल्या अक्षरात उतरवून दिला होता, त्यामुळं काही समजावून सांगावं लागत नाही. दोन-अडीच तास आम्ही एका ठिकाणी बसलो. लग्नानंतर असं कितीदा झालं असेल? बोललो मात्र फक्त आकडे.

१२ मार्च

एक पूर्णांक सहा!

तीन वेळा रेघ मारून बघितली. एक पूर्णांक सहाच.

१४ मार्च

दुसरं भोक, पहिल्यापासून दहा पावलांवर. एक पूर्णांक पाच. छान. एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला. ते खूश. 'अमृत, तू तर लकी निघालास. आणखी एक-दोन मोजमापं घे आणि महिनाअखेर फायनल आकडा दे.' घरी सांगितलं, तर सासऱ्यांनी संध्याकाळी लगेच त्या तुकड्यावरचं बाभळीचं झुडूप तोडायला घेतलं.

हर्षालीला विचारलं, 'मग? आनंद झाला का?' 'तुम्हाला झाला ना,' म्हणाली. हे असलं उत्तर! अगं, मी तुला विचारतोय, मला नाही. तिला वाटीभर चिंच दिली तरी 'तुम्हाला हवी असेल तर' म्हणते. पहिल्या दिवसापासून हे असंच. सिनेमा कुठला? तुम्ही म्हणाल तो. भाजी कुठली? तुम्ही म्हणाल ती. सुरुवातीला मला गोड वाटायचं. आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

१६ मार्च, रविवार

गेणभाऊंनी पारावर जाहीर केलं — 'कुंडलिकला येक पोरगा व्हता, आता दोन झालं. जावई हितंच ऱ्हाणार.' सगळे हसले. एकजण म्हणाला, 'मंग गोठ्यातली दावन बी एक वाढवा.' मीही हसलो. काय करणार?

घरी येऊन मात्र चिडचिड झाली. घरजावई! दोन वर्षं हेच ऐकायचं? रोज पुरणपोळी आणि रोज हा टोमणा. आणि तिकडं नवसारीला कुणी ओळखणार नाही, स्वतःचं मशीन, स्वतःचं काम. पण मग हिचं काय, बाळाचं काय? इथं राहावंसं वाटतं तेव्हा पळून जावंसं वाटतं, आणि पळायचा विचार आला की बाळाचे दिवस मोजत बसतो. मला नेमकं काय हवंय, हे मोजायची सळई कुणी काढली नाही.

२० मार्च, गुरुवार

तिसरं भोक. एक पूर्णांक दोन.

हे काय? काठावर?

२१ मार्च

पहिल्या भोकाशेजारीच पुन्हा मोजलं. एक पूर्णांक एक. जिथं एक पूर्णांक सहा आला होता तिथं! सळई बिघडली की मी बिघडलो?

२३ मार्च, रविवार

अख्खं गाव टीव्हीपुढं, वर्ल्डकपची फायनल. मी स्वयंपाकघरात बरणी घेऊन बसलो. साहेबांनी बरोबर ग्लिसरीन दिलंय. त्याचा आकडा पुस्तकात पक्का आहे, सळई त्यात बुडवून तपासायची. आकडा अगदी पुस्तकातल्यासारखा आला. म्हणजे सळई ठीक.

बाहेर मॅच गेली. आदेश जेवलाच नाही. मलाही जेवण गेलं नाही, पण माझं कारण वेगळं, आणि ते कुणाला सांगणार?

२४ मार्च

गेणभाऊंच्या रानात मोजलं. बांधाच्या पलीकडं, तीच काळी माती. गिरमिट उतरता उतरेना. घामाच्या धारा, तळहाताला दोन फोड. आकडा शून्य पूर्णांक सात.

एकाच नदीची माती. मधे एक बांध. एवढा फरक कसा?

२६ मार्च, बुधवार

राहवेना. आज सासऱ्यांच्या तुकड्यात सरळ खड्डाच घेतला. सासरे शेतावर नव्हते म्हणून जमलं, नाहीतर हातातलं फावडं काढून घेतलं असतं.

ओल वरून खाली गेलेली आहे. बाजूनं नाही. भेगांच्या कडेकडेनं काळे ओघळ उतरलेत. मधली ढेकळं कोरडी फटफटीत. बागेच्या ड्रिपची ओल अशी नसते, ती बागेकडून आत सरकत आली असती. नदीची असती तर खालून चढली असती. आणि कंबरेच्या खाली गेलं की सगळंच कोरडं. म्हणजे वरून कुणीतरी पाणी सोडलंय. भरपूर. एकदाच. ओली माती उष्णता भराभर ओढते, कोरडी नाही; हे पाणी आता वाळत चाललंय, तसा माझा आकडाही.

या साली? बागेला मोजून थेंब थेंब देतात, विहिरीचा तळ दिसतोय, आणि पडीक रानाला पाणी?

२७ मार्च

दुपारी जेवताना विषय काढला. सासरे, आदेश, मी पंगतीला. मामी वाढत होत्या, हर्षाली पलीकडं सुपात तांदूळ निवडत होती. म्हटलं, 'मामा, नदीकडच्या तुकड्याला मी यायच्या सुमाराला पाणी दिलं होतं का?'

सासरे हसले. 'पडकाला पानी? पावणं, हितं बाग जगवायची मारामार.'

आदेश ताटाकडं बघत राहिला. मला वाटलं, याचंच काम. तेवढ्यात मामी म्हणाल्या, 'म्या सांगितलं सोडायला. त्यात काय झालं? जावयानं येऊन दगडावानी जिमिनीत पहार मारायची, हाताला फोड आनायचं, ह्ये बरं दिसतं व्हय? रानाला वाईच पानी दाखीवलं, जिमीन मऊ झाली, तुमचं काम सुखाचं झालं.'

सासऱ्यांचा घास हातातच. 'गोजर, डोकं ठिकाणावर हाय का तुजं? बागेच्या तोंडचं पानी?' मामींनी भाकरी वाढली आणि आत गेल्या.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. जगात इतक्या ठिकाणी मातीची मोजमापं होत असतील, पण जावयाचे हात दुखू नयेत म्हणून मोजायची मातीच भिजवून ठेवणारी माणसं आमच्याच मुलखात! दोन आठवडे मी या मऊपणाचं कौतुक करत होतो. साहेबांना कळवलेला आकडा जमिनीचा नव्हताच, पाहुणचाराचा होता.

मग हसू गेलं. खरा आकडा गेणभाऊंच्या रानातला. शून्य पूर्णांक सात.

२८ मार्च

डोक्याला नुसता भुंगा लागलाय. पाठवायचा कुठला?

एक पूर्णांक सहा खोटा आहे का? सळईनं दाखवला, मी टिपला. कुणी विचारणार नाही. शेड होईल, हर्षाली माहेरी, बाळ माझ्या डोळ्यांपुढं. आणि मग पुढच्या जानेवारीत द्राक्षं आत येतील. फेब्रुवारीपर्यंत निभेल. मार्चमध्ये कोरडी माती उष्णता घ्यायची बंद होईल, पाइपांभोवती सगळी साठून राहील, मशीन धापा टाकेल. अर्ध्या गावाचा माल आत सडेल. कुणाच्या शब्दावर? कुंडलिकच्या जावयाच्या.

पाइप दुप्पट पुरले तर भागेल, पण तेवढं रान नाही. बाग उपटायला सांगू?

३० मार्च, रविवार

हर्षालीला सगळं सांगितलं. मांडवाखाली, मामी देवळात गेल्यावर. विचारलं, 'तू सांग. काय करू?'

बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग म्हणाली, 'जमीन ओलीच ठेवली तर? पाइपांवरून एक ड्रिपची नळी नेली तर? मोरीचं पाणी आहे, गोठ्याचं आहे...'

तिनं असं सुचवायची पहिलीच वेळ. पण मी वैतागलेलो. म्हटलं, 'अगं, दहा घरांचं मोरीचं पाणी घातलं तरी तेवढं रान भिजायचं नाही. वरच्या गावांना टँकर चालू झालेत. माणसांना प्यायला नाही, आणि आपण पाइपांना पाजायचं?' कागदावर हिशेबच मांडून दाखवला तिला. रोज किती लागेल, विहिरीत किती आहे.

हिशेब बरोबर होता. तिनं नीट बघितला. 'बरोबर आहे तुमचं,' म्हणाली.

'मग तुझं काय म्हणणं?'

'तुम्हाला योग्य वाटेल ते.'

आलं का पुन्हा! माझा आवाज चढला. 'कधीतरी तोंडानं सांग ना, तुला काय हवंय ते!' ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग मामी फाटकातून आत आल्या, आणि ती उठायला लागली. पोटामुळं तिला पटकन उठता येत नाही. मी हात दिला.

२ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली. श्रीखंड. मला गोड जाईना.

४ एप्रिल, शुक्रवार

कळवलं. शून्य पूर्णांक सात. फोनवर साहेब म्हणाले, 'बरं झालं आत्ताच कळलं. नवसारीची तयारी कर.' बस. माझी पंधरवड्याची तगमग त्यांच्या दोन वाक्यांत संपली.

सासऱ्यांना सांगायला जीभ रेटेना. ते बागेत घड काढत होते. ऐकून घेतलं. कात्री खिशात घातली. म्हणाले, 'पावणं, शेड व्हनार म्हनून म्या चार लोकांना सांगून बसलोय. ते हसतील, हसूंद्या. पर खोटा आकडा देऊन गावाचा माल नासला आसता, तर तोंड दाखवाया जागा ऱ्हायली नसती. लई बरं केलंत.' आणि पाठीवर हात ठेवला. वडील गेल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता. डोळे भरून आले, उगाच द्राक्षांकडं बघत राहिलो.

आज स्वतःवर खूश आहे. लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय?

७ एप्रिल

गेणभाऊ आता म्हणतात, 'डाक्टरनं पेशंटला नापास केलं.' म्हणू देत. घरजावई तरी म्हणत नाहीत!

सुटल्यासारखंही वाटतंय, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाजही वाटतेय.

१५ एप्रिल, मंगळवार

पुण्याला जाऊन खोली आवरून आलो. भांडी इथं आणली. हर्षाली माझ्या शर्टांची बटणं बघतेय, सैल आहेत ती पक्की करतेय. 'तिकडं उकडतं म्हणे खूप,' एवढंच. मी म्हटलं, पहिल्या सुट्टीला येतोच, दिवाळीपर्यंत मोठी खोली बघतो, मग तुला आणि बाळाला नेतो. 'हो' म्हणाली. दात लावून दोरा तोडला.

मामी आता माझ्याशी कमी बोलतात. पाण्याचं मनाला लागलं असेल. मी मुद्दाम थट्टेत म्हटलं, 'मामी, तुमच्या मायेनं मला पार फसवलं बघा.' हसल्या नाहीत. माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मीच पुढं बोललो नाही.

२८ एप्रिल

उद्या निघायचं. बॅग भरून झाली. बाळ लाथा मारतंय, हर्षालीनं माझा हात धरून पोटावर ठेवला. स्वतःहून. कितीतरी वेळ सोडला नाही. मामी दारातून डोकावून माघारी गेल्या, तरी सोडला नाही.

मी म्हटलं, 'येतो ना गं लवकर.'

२९ एप्रिल, मंगळवार. नारायणगाव स्टँड

आदेश सोडायला आला होता. बॅग टपावर चढवली, तरी जाईना. शेवटी म्हणाला, 'दाजी, आईवर राग धरू नका. तिनं न्हाई सांगितलं पान्याचं. ती नुसती मदी पडली. ताईनं मला सोडाया लावलं व्हतं, तुमी आला त्याच राती. पाया पडली माज्या. म्हनली, जिमीन वली आसली की आकडा वर येतो, मंग ह्ये हितंच ऱ्हातील. यांना सांगू नको म्हनली.'

नाशिकची गाडी लागलीय. कंडक्टर हाका मारतोय. लग्नाला दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तिनं एकदाच माझ्याकडं काहीतरी मागितलं. मी ती चूक समजून शोधून काढली, आणि दुरुस्त करून कळवून टाकली.